अडतीस दुकानांचे चार आकडे

यशोधरा अहिरेला माणसांचे चेहरे उशिरा आठवत, त्यांचे चार आकडे मात्र लगेच.

उल्हासनगरात, दोन नंबरच्या कॅम्पात, जीन्सच्या एका गोदामावर हरेश तलरेजाने ‘हातोहात’ कंपनी काढली तेव्हा तिथे तीन टेबलं होती. २००८ साली चौदा झाली. काम साधं होतं. दुकानदाराने आधी पैसे भरायचे. मग मोबाइलवरून मेसेज करून गिऱ्हाइकांचं रिचार्ज मारायचं, लाइटबिलं भरायची, वरचं कमिशन ठेवायचं. मेसेजमध्ये दुकानाचा नंबर आणि शेवटी गुप्त चार आकडे, म्हणजे पिन. दुकानाचा नंबर दारावरच्या स्टिकरवरच छापलेला असे. मेसेज कुठल्याही फोनवरून चाले, कारण दुकानदार सारखी सिमकार्डं बदलत.

अंबरनाथ ते बदलापूर बासष्ट दुकानं यशोधराने कंपनीला जोडली होती. त्यांतली अडतीस आपल्या लोकांची, बौद्ध घरांतली. फॅक्टरीतून रिटायर झालेल्या शंकररावांची मुलगी म्हणून त्या दुकानदारांनी तिच्या हातात पैसे ठेवले होते.

पहिलं दुकान बेलवलीतल्या तुळशीमावशीचं, बांगड्या आणि वह्यांचं.

“चार आकडे माझ्या डोक्यात राहायचे नाहीत गं,” मावशी म्हणाल्या होत्या.

“मग आपली तारीख टाका की. ती विसराल का?”

मावशींनी १४०४ निवडला, चौदा एप्रिल, जयंतीचा. पुढच्याने १४१०, दीक्षेचा दिवस. तिसऱ्याने १९५६, दीक्षेचं साल. मेसेज इंग्रजीत लिहावा लागे, म्हणून सगळ्यांचे पिन यशोधरानेच टाकून दिले. अडतीस दुकानं आणि तीन आकडे. तेव्हा तिला ते छान वाटलं होतं.

त्या सकाळी साडेनऊला मावशींचा फोन आला. “ताई, माझे तेवीसशे गेले. मी तर अजून शटर पण उघडलं नाही.”

दहाला शिवमंदिराच्या रस्त्यावरच्या दौलतरावांचा आला. ती स्कूटर घेऊन त्यांच्या झेरॉक्सच्या दुकानात पोचली. चार हजार एकशे. नऊ अनोळखी मोबाइलवर रिचार्ज.

“पिन कोणाला माहीत होता, दौलतराव?”

“मला,” कागदाचा गठ्ठा टेबलावर आपटून सरळ करत ते म्हणाले. “आणि तुला.”

ते रागावले नव्हते. रागावले असते तर बरं झालं असतं. ती रस्त्यावर आली आणि तिथे तिला कळलं. तीनदा पिन चुकला की खातं दुसऱ्या सकाळपर्यंत आपोआप बंद होतं. चोराला तीनच संधी होत्या, आणि तारखाही तीनच होत्या.

तिने हरेशला फोन लावला.

“सर, माझी अडतीस दुकानं उद्यापर्यंत बंद करा. पिन फुटलाय.”

“आज? बारा वाजता पैसे लावणारी पार्टी येतेय. त्यांना स्क्रीन दाखवायचीय. चालू दुकान हिरवं, बंद दुकान लाल. पाहुण्यांना लाल स्क्रीन दाखवू?”

“दोघांचे गेलेत, सर.”

“दो का मैं भर दूंगा.”

“आणि बाकीच्यांचे?”

“दो बजे बात करते हैं.” त्याने फोन ठेवला.

पावणेअकरा झाले होते. दोनपर्यंत चोर थांबणार नव्हता. पिन बदलायला दुकानाचाच नोंदलेला फोन लागे; फोनवर सांगून तो बदलता येईल असं त्या अडतिसांत कोणी नव्हतं, आणि स्कूटरवरून दिवसभरात पंधरा दुकानं झाली असती.

ती दौलतरावांच्या ओट्यावर बसली आणि पहिल्या दुकानाच्या नंबरापुढे ०००० लिहून मेसेज पाठवला. पुन्हा पाठवला. पुन्हा. ‘खाते बंद’ असं उत्तर आलं. मग दुसरं दुकान.

दौलतराव दारातून बघत होते. “काय करतेस?”

“आपल्या लोकांची दुकानं बंद करतेय.”

“तुझ्या फोनवरून?”

“हो.”

“मग नाव तुझंच लागणार.”

तिने मान हलवली. अंगठा दुखायला लागला. एकोणिसाव्या दुकानाला बॅटरीची एकच रेघ उरली; दौलतरावांनी आतून चार्जरची वायर ओढून दिली. सव्वाबाराला हरेशचे फोन सुरू झाले. तिने पाच कापले. एकशे चौदा मेसेज झाल्यावर सहावा घेतला.

“पाहुणे समोर बसलेत,” तो हळू आवाजात म्हणाला, “आणि एकेक दुकान लाल होतंय. सगळीकडे तुझा नंबर. त्यांना वाटतंय, चोर तूच.”

“तुम्हाला काय वाटतं?”

पलीकडे खुर्ची सरकल्याचा आवाज आला. “उद्यापासून येऊ नको,” तो म्हणाला.

अकरा दिवस ती घरी होती; ती अडतीस दुकानंही, पिन बदलेपर्यंत, कंपनीने बंदच ठेवली होती. शंकररावांना लोक रस्त्यात विचारत, ते नुसते हसत. बाराव्या दिवशी हरेशने बोलावलं आणि कागद पुढे केला. तिने बंद केलेल्या चौदा दुकानांवर त्याच दुपारी दुसऱ्या एका नंबरवरून हात मारायचा प्रयत्न झाला होता. आधी १४०४, मग १४१०, मग १९५६. एकाही दुकानातून पैसा गेला नव्हता. “उद्यापासून ये,” हरेश म्हणाला. तो नंबर कोणाचा, हे पुढेही कळलं नाही. त्या पार्टीने पैसे लावले, पण नोंदलेल्या फोनवरूनच मेसेज चालेल अशी अट घालून. वर्षभरात ‘हातोहात’ची अकराशे दुकानं झाली.

त्याआधी मात्र यशोधराला अडतीस दुकानांत जाऊन पिन बदलून द्यायचे होते. मावशींना त्यांचे तेवीसशे कंपनीकडून मिळाले होते.

“तारीख नको, मावशी. नात्यातलं काही नको. सांगा, मी टाकते.”

मावशींनी फोन तिच्या हातातून अलगद काढून घेतला. “आता मीच टाकते. तू नुसतं कुठं दाबायचं ते सांग.”

त्या पाठ करून उभ्या राहिल्या. एकेक बटण शोधत होत्या. मध्येच थांबून, मान वळवून ती बघत नाही ना, हे बघत होत्या. हेच शिकवायला ती आली होती. यशोधरा दाराकडे तोंड करून उभी राहिली आणि मनातल्या मनात बटणांचे आवाज मोजायचं थांबवायचा प्रयत्न करू लागली.