देवघराच्या भिंतीतलं दार

भांडण दिल्ली आन् हैदराबादचं, भोकं मात्र आमच्या भिंतींना! संस्थान भारतात जायचं का न्हाई ते ठरंना, आन् भालकीच्या आमच्या गल्लीत बंदूकवाले फिरायलेले. बाईमाणसाला उंबऱ्याबाहेर पाय टाकायची सोय न्हवती. घरं भिंतीला भिंत लागून. मग ज्यानं त्यानं शेजारच्या भिंतीला वाकून जाता येईल एवढं भोक पाडलं आन् पुढं धान्याची रिकामी कणगी आडोशाला लावली.

आमचंच घर तेवढं राहिलं. शेजारच्या अक्काच्या बाजूची भिंत देवघराची. सासरे अडून बसले, "देवामागं पहार घालू? जमायचं न्हाई." मी नवी सून, त्यात पहिलटकरीण. मी काय बोलणार? मनात मात्र भरपूर बोलून घेतलं.

एका दुपारी मला कळा सुरू झाल्या. सासूनं पोट चाचपलं आन् तिचं तोंडच उतरलं. पोर आडवं होतं. सुईण गल्लीच्या पार त्या टोकाला, रस्त्यावर बंदुका. सासूनं देव उचलून पदरात घेतले आन् सासऱ्यांवर कडाडली, "काय बघायलाव? सून जायलीय हातची! हाणा पहार!"

त्यांनी हाणली. अक्कानं भोकाभोकातनं सुईणीला सांगावा धाडला. आन् बाई गं, मला पलीकडनं हाका ऐकू यायल्या. "सुईण यायलीय, वाट द्या!" एका घरातनं दुसऱ्या घरात, जवळ जवळ. कणग्या सरकायल्या. ज्यांनी तिला कधी अंगणाच्या वर घेतलं न्हाई, त्यांच्या चुलीपुढनं ती वाकून वाकून आली. मातीनं माखलेलं तिचं डोकं आमच्या देवघरातनं वर निघालं, तवा मला देवच आल्यागत वाटलं. अख्खी गल्ली माझ्यापायी एक घर झाली होती!

पोरगी झाली. आम्ही दोघी वाचलो.

पुढं संस्थान भारतात गेलं. गल्लीनं भोकं बुजवली, वरनं पांढरी माती लिंपली, आन् सुईण पुन्हा सगळ्यांच्या अंगणातच थांबायली. सासूनं मात्र अक्काला विचारून सुतार बोलावला आन् आमच्या भोकाला चांगली उंच चौकट बसवली.

दुसऱ्या खेपेला सुईण रस्त्यानं आली आन् रीतीप्रमाणं अंगणात थांबली. सासू म्हणाली, "हितं कामून उभी? तुझं दार देवघरात हाय."

सुईण अंगणातनं मागं वळली. मग अक्काच्या घरात शिरली आन् त्या दारानं आमच्या देवघरात आली. या खेपेला तिला वाकावं लागलं न्हाई.