पालथं झोपल्यावर

पालथं झोपलेला माणूस खोटं बोलत नाही, हा माझा अनुभव. समोरच्याचं तोंड दिसेनासं झालं की माणूस मोकळा होतो! परळला माझं पाठदुखीचं क्लिनिक आहे. समोर पूर्वी मिलचं धुराडं दिसायचं, आता काचेची इमारत दिसते. पेशंट मात्र तेच. त्यांच्या मणक्यांमागच्या बारीक सांध्यांना सुया टोचता टोचता माझ्याकडे इतके किस्से साठलेत, की आमच्या राणे सिस्टर म्हणतात, "सर, औषधांचं कपाट कधीतरी रिकामं होतं. तुमचं तोंड नाही!"

*

शीव कोळीवाड्याच्या जयवंतीमावशी. बाजारात मासळी विकायला बसायच्या, टोपलीकडे वळलं की कंबरेत कळ.

आमची पद्धत अशी, की आधी परीक्षेचं इंजेक्शन. नस तेवढ्यापुरती बधिर होते. मग पेशंटला सांगायचं, "जे केल्यावर दुखतं, तेच करा." नाही दुखलं, तर गुन्हेगार तोच सांधा. मग पुढच्या खेपेला सुईतून उष्णता देऊन ती नस बऱ्याच महिन्यांसाठी गप्प करायची.

मावशी टेबलावरून उठल्या त्या तडक बाजारात! पूर्वी दुखायला लागलं की येईल त्या भावाने मासळी देऊन घर गाठायच्या.

दुसऱ्या दिवशी राणे सिस्टर फणफणत आल्या. "सर, एवढं बरं करायची काय गरज होती? काल बाजारात तासभर घासाघीस केली, बाई एक रुपया सोडेना!"

*

गिरगावातले एक निवृत्त गणिताचे मास्तर. मी विचारलं, "शून्य ते दहा, दुखणं किती?"

"साडेसहा."

"मास्तर, तुम्हाला तर उभंही राहता येत नाहीये."

"म्हणून काय झालं? पैकीच्या पैकी मी आयुष्यात कोणाला दिले नाहीत!"

*

लालबागची एक आजी आली ती अख्खी चाळ घेऊन. मी बाहेर येऊन विचारलं, "यांच्या जवळचं कोण?" सगळे हात वर. "संमतीची सही कोण करतंय?" म्हटलं, तर एकेकाला चहाची तलफ आली! शेवटी आजीच उठली. "आण ते पेन. ह्यांच्या भरवशावर राहिले असते तर लग्नसुद्धा झालं नसतं."

*

आणि आमचे नाना परब. आयुष्य साचेखात्यात, म्हणजे मिलमध्ये माग चालायचे तिथे गेलं. त्या खडखडाटात कान गेले. कानातलं मशीन आणलेलं, पण "नुसता शिट्टी मारता" म्हणून ते कपाटात.

नातीचं लग्न तोंडावर आलं होतं. नानांचा एकच हट्ट, मंगलाष्टकं संपेपर्यंत अंतरपाट मी धरणार. "कापड विणण्यात जल्म गेलो. नातीच्या लग्नात कापड दुसऱ्यान् धरायचा?" पण हात वर करून दोन मिनिटं उभं राहिलं की पाठ मोडायची.

परीक्षेच्या इंजेक्शनने उतार पडला. आता नस भाजायची. मात्र त्याआधी सुईतून बारीक करंट सोडून विचारावं लागतं, मुंग्या कुठे येतायत? पायात गेल्या का? उत्तर आल्याशिवाय मी पुढे जात नाही, भलतीच नस भाजली तर पाय जायचा. आणि नाना तर पालथे! ऐकू येत नाही, बोलणाऱ्याचं तोंड दिसत नाही. मी सरळ नाही म्हणालो. नानांचा चेहरा बघवेना.

मग मुलगा म्हणाला, "साचेखात्यात हे लोक हातांच्या खुणांनी बोलायचे. त्या खुणा येणारा एकच माणूस उरलाय, आमच्या शेजारचे भिवाकाका."

"मग बोलवा की!"

"गिरणी संपात भिवाकाका कामावर आत गेले, बाबा बाहेर राहिले. तेव्हापासून अबोला आहे."

तरीही भिवाकाका आले. एक्स-रेपासून बचावाचा जड शिशाचा एप्रन घालून, टेबलाला तोंडासाठी भोक असतं त्याच्याखाली बैठक मारून बसले. मी ओरडायचो, ते खाली हात नाचवायचे, टेबलावरून लोंबणारा नानांचा हात उत्तर द्यायचा आणि भिवाकाका मला सांगायचे, "कंबरेत. पायात नाय." काम फत्ते झालं. मी सुया काढल्या तरी दोघांचे हात चालूच! काय चाललं होतं देव जाणे. राणे सिस्टर डोळे पुसत होत्या.

नाना उठून बसले तेव्हा मी त्यांच्या कानाशी ओरडलो, "नाना, अबोला सुटला म्हणायचा!"

"छ्या! मी बोललंय खंय?"

भिवाकाका हातभर अंतरावर एप्रन सोडत उभे होते. नाना त्यांच्याकडे न बघता मला म्हणाले, "डॉक्टर, तेका सांगा, अंतरपाटाक दोन टोकां असतत."

भिवाकाकांनी एप्रन खुंटीला अडकवला. तेही माझ्याकडेच बघत म्हणाले, "डॉक्टर, तेका इचारा, माझा टोक डावा की उजवा?"