थांबून बोलणारी चिमीमावशी

चिमीमावशी फोनवर निरोप बोलायची तेव्हा मध्ये मध्ये थांबायची. "किसन, जेवलास का?" म्हणायची आणि गप्प. माइकचं बटण अंगठ्याने दाबून धरलेलं, मान जराशी कललेली. मग "बरं झालं" म्हणून पुढे चालू. निरोप तर अजून गेलेलाही नसायचा.

निवृत्तीनंतर मोखाड्यात मी म्हाताऱ्या माणसांना मोबाइल शिकवायला बसते. खरं सांगायचं तर आता थकायला होतं. रोज कोणी पासवर्ड विसरतं, कोणी नातवाचे फोटो पुसून बसतं, आणि कालचं सगळं आज पुन्हा पहिल्यापासून सांगायचं. मावशी सूर्यमाळकडच्या एका पाड्यावरून बाजाराला यायची. पाड्यावर रेंज नव्हती, तिला लिहितावाचता येत नव्हतं. मुलगा किसन भिवंडीला गोदामात कामाला. त्याने शिमग्याला तरी घरी यावं, एवढ्यासाठी तिची ही सगळी खटपट.

मी तिला म्हणायची, "मावशी, सलग बोल. त्याला यात मध्ये बोलता येत नाही."

"बाई, मीच बोलत रायले तर तो कवा बोलंल?"

मी कपाळाला हात लावायची.

किसनचं उत्तर कधी यायचं नाही. "कामावर आसंल," ती म्हणायची. तिच्या प्रत्येक निरोपाशेजारचा छोटा माइक राखाडीच असायचा. समोरच्याने ऐकलं की तो निळा होतो. तिने विचारलं नाही, मीही सांगितलं नाही.

शिमगा तोंडावर आला होता. शेजारी बसलेल्या अण्णांच्या फोनवर तिला निळा माइक दिसला. "माझा आसा का नाय व्हत?"

आता लपवून काय उपयोग होता? म्हटलं, "मावशी, किसनने तुझे निरोप ऐकलेले नाहीत. एकही नाही."

तिने पदराने फोन पुसला. रागावली नाही, रडली नाही. मग तिने आपणहून बटण दाबलं.

"किसन, हिर आटली, पानी खालून आनते, शेळी व्याली, मी बरी हाय, शिमग्याला तुझी वाट बघत नाय, जपून रहा."

मी शिकवलं होतं अगदी तसं, एका दमात. कुठेही थांबली नाही.