अंबूअक्कानं न पाहिलेला मे महिना

माझी थोरली बहीण अंबूबाई. आम्ही तिला अंबूअक्का म्हणतो. तिच्या हट्टाला औषध नाही, असं आमचे वडील तिच्या लग्नात भर पाहुण्यांत म्हणाले होते आणि पाहुणे पोट धरून हसले होते. मीही हसलो होतो. पुढं त्या हट्टानं काय करून ठेवलं ते पाहिलं, तेव्हापासून माझ्या तोंडून तो किस्सा निघत नाही.

तिचं सासर मुरगूडचं. नवरा सयाजी, म्हणजे आमचे दाजी, साखर कारखान्यात हंगामी फिटर. हंगाम असला की घरी तोंड दिसत नसे, आणि हंगाम संपला की थोरल्या भावाच्या मागं मळ्यात. हा थोरला भाऊ म्हणजे गणपतराव. आईवडील लवकर गेल्यामुळं दाजींना यांनीच वाढवलेलं, यांनीच आयटीआयला घातलेलं, यांनीच बोहल्यावर उभं केलेलं. त्यांना स्वतःला मूलबाळ नव्हतं. त्यामुळं अक्काची एकुलती एक प्रीती त्यांना आबा म्हणत त्यांच्याच खांद्यावर बसून मोठी झाली.

१९९४ साली दाजींना चंद्रपूरजवळच्या एका सिमेंट कारखान्यात कायमची नोकरी चालून आली. दाजी कां-कू करत होते. टुमणं लावलं ते अक्कानं. सहा महिने काम आणि सहा महिने भावाच्या तोंडाकडं बघणं तिला नको होतं. गणपतराव एकदाच बोलले.

"पिकता मळा सोडून भट्टीत जाऊन बसायचं? बसा की. पर गेलासा म्हंजे आपलं बोलणं संपलं."

रागाच्या भरात माणूस काहीही बोलतो, चार महिन्यांत सगळं थंड होईल, असं आम्ही सगळेच धरून चाललो होतो. पण हा माणूस शब्दाचा इतका पक्का निघाला की अंगावर काटा यावा. नऊ वर्षं. सख्ख्या भावाशी, ज्याला हातानं घास भरवला त्याच्याशी, नऊ वर्षं एक शब्द नाही.

अक्कानं जाताना अख्खं मुरगूड बांधून घेतलं होतं. पाटा-वरवंटा, कांदा-लसूण चटणीचे डबे, कंदील आणि तीन घोंगडी! कोल्हापूर स्टेशनवर मी विचारलं, "अगं, तिकडं घोंगडी कशाला?" तर म्हणते, "थंडी काय सांगून येत्या व्हय?" पहिल्याच वर्षी त्या घोंगड्यांची रवानगी माळ्यावर झाली.

कारखान्याजवळच्या एका वसाहतीत तिनं पुढं स्वतःचं घर बांधलं. शेजारी वैरागडे म्हणून कुटुंब होतं, त्या काकूंशी तिचं चांगलं जमलं. पण एक गोष्ट आमच्या कुणाच्याच ध्यानात आली नाही. प्रीतीची परीक्षा संपली की एप्रिलच्या मध्यालाच अक्का कागलला माहेरी यायची आणि शाळा उघडायच्या बेतानं परत जायची. नऊ वर्षं तिथं राहून तिनं तिथला मे महिना पाहिलाच नव्हता. दाजींनी पाहिला होता, पण दाजींचं घरात कोण ऐकतंय?

सुट्टीत आली की ती मुरगूडलाही एक चक्कर मारायची. जाऊबाई पारूबाई तिला पोटाशी धरायच्या. अक्का दारात दिसली की गणपतराव मात्र मागच्या दारानं मळ्यात निघून जायचे. जाताना प्रीतीसाठी ओल्या शेंगांची पिशवी ओसरीवर ठेवायचे, पण मागं वळून बघायचे नाहीत. अक्का ती पिशवी पदरात घेऊन रडायची. तिला आपण घर फोडलं ही बोच होती, आणि ती तिनं कधी लपवली नाही.

२००३ साली प्रीतीचं लग्न ठरलं. मुलगा कागलचाच, विजयसिंह. आम्ही म्हटलं, झकास झालं, कागलात कार्यालय घेऊ. अक्का ताडकन उठली.

"माझ्या पोरीचं लगीन माझ्या दारात हुणार. थोरलं भावजी माझ्या दारात याय पायजेत. पोरीवर त्यांची अक्षता पडाय पायजे. येवढं झालं की मी मेले तरी चालतंय."

दाजी हळूच म्हणाले, "मग मुहूर्त सांजचा धरू. तिकडं मे महिन्यात दुपारचं कोण लगीन करत न्हाय."

"का? चोरीचं हाय व्हय लगीन? आमच्यात बारा पस्तीसलाच अक्षता पडत्यात, आन् तितंबी बारा पस्तीसलाच पडतील."

झालं. ठरलं. मुरगूडला जाऊन तिनं पत्रिका गणपतरावांसमोर देव्हाऱ्यात ठेवली आणि देवाकडं तोंड करून आमंत्रण दिलं. गणपतराव अडकित्त्यानं सुपारी कातरत राहिले.

कागलहून आम्ही दोन बस केल्या, एक नवऱ्याकडची, एक आमची. आमची बस मुरगूडच्या नाक्यावर थांबली आणि मी बघतच राहिलो. पारूबाईंच्या मागोमाग गणपतराव चढले. धुवट धोतर, कोट, मांडीवर फडक्यात बांधलेला फेटा. एवढ्या लांबच्या प्रवासात ते एका शब्दानं बोलले नाहीत आणि त्यांना काही विचारायची कुणाची छाती झाली नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही उतरलो. उतरताना मी बसच्या दांडीला हात लावला आणि झटक्यात मागं घेतला. सकाळ, बरं का! दुपार अजून लांब होती. उन्हाळा आम्हीही बघितला होता, पण हे काहीतरी भलतंच होतं. नळ सोडला तर आंघोळीला तापवल्यासारखं पाणी. आमच्या बायका एकमेकींकडं बघायला लागल्या. आपल्या माणसाला आपण नऊ वर्षं कुठं पाठवून दिलं होतं, हे मला त्या दिवशी कळलं.

दाजी पुढं आले आणि भावासमोर खाली मान घालून उभे राहिले. गणपतरावांनी चारी दिशांना नजर फिरवली.

"सया, हितं माणसं ऱ्हात्यात व्हय रं?"

नऊ वर्षांनंतरचे पहिले शब्द हे! दाजी त्यांच्या पायावर कोसळले आणि लहान मुलासारखे रडले. अक्का स्वयंपाकाच्या मांडवातून धावत आली. "बोलले! भावजी बोलले!" म्हणून ती हसतही होती आणि डोळेही पुसत होती. मला वाटलं, सगळं भरून पावलं, आता नुसत्या अक्षता पडायच्या राहिल्या.

गणपतरावांनी फेटा बांधला आणि ते मांडवाच्या दारात जाऊन उभे राहिले. आपल्याकडं रीतच आहे, लग्नघरचं थोरलं माणूस दारात उभं राहून पाहुण्यांना हात जोडतं. पण पाहुणे होते कुठं? अकरा वाजून गेले तरी रस्त्यावर माणूस नाही. घराघरांची दारं बंद, खिडक्यांना वाळ्याचे पडदे. नवऱ्याकडची मंडळी जानवशाला दिलेल्या शाळेत कूलरसमोर आडवी झालेली. वाजंत्रीवाल्यानं तर तोंडावर सांगितलं, दिवस कलल्याशिवाय वाजवणार नाही. पाचशे माणसांचं जेवण शिजून तयार, आणि मांडवात आमची चाळीस-पन्नास माणसं, त्यातली निम्मी ओली फडकी डोक्यावर घेऊन बसलेली.

अक्का रागानं लाल झाली. "एवढ्या वरसांची शेजारी, आन् एक माणूस फिरकत न्हाय! वैरागडेकाकूसुदिक?" तिला कोण सांगणार, की दुपारी नुसता विधी उरकतील आणि लोकांनी जेवायला संध्याकाळीच यायचं, असं त्या बिचाऱ्यांनी गृहीतच धरलं होतं.

मी दोनदा गणपतरावांना आत या म्हणून सांगायला गेलो. पारूबाईंनी पाण्याचा तांब्या नेला, त्यातला घोटभर घेऊन त्यांनी तांब्या परत दिला. फेटा तसाच, कोट तसाच.

"कृष्णात," ते मला म्हणाले, "पावणं येतील आन् दारात कोण न्हाय बघून काय म्हणतील? सयाला मागं-पुढं कोण न्हाय म्हणतील. एक तरी पावणा येऊ दे, मग बसतो."

मी मागं फिरलो. नऊ वर्षांचा राग या माणसानं कधी सोडला होता कुणास ठाऊक, आणि आता तो भर उन्हात भावाची अब्रू राखत उभा होता.

मुहूर्त जवळ आला तसा मी त्यांना अक्षतांसाठी बोलवायला गेलो. ते खांबाला धरून खाली बसले होते. मी हात धरला आणि दचकलो, अंग तव्यासारखं. घामाचा टिपूस नाही. डोळे उघडे, पण मला ओळखत नव्हते. माझ्या ओरडण्यानं शेजारचं दार उघडलं. वैरागडेकाकू अनवाणी पळत आल्या.

"यायले ऊन लागलं बाप्पा! ओली चादर आणा! अहो, जीप काढा!"

वैरागडेंनी जीप काढली. दाजी चढायला निघाले, पण नवरीच्या बापानं मांडव सोडू नये म्हणून त्यांना थांबवलं. मी पुढं बसलो, मागं पारूबाई त्यांचं डोकं मांडीवर घेऊन बसल्या. मांडवात सगळ्यांनी एकमुखानं ठरवलं, मुहूर्त संध्याकाळचा. अक्कानंही मान हलवली.

दवाखान्यात डॉक्टरांनी फार वेळ घेतला नाही. गेले, म्हणाले.

डोकं चालेना. लग्नघर, देवक बसलेलं, आणि हे? मी काहीतरी पुटपुटत दाजींना बोलावून आणायला निघालो, तर पारूबाईंनी माझं मनगट धरलं. त्या रडत नव्हत्या. त्यांचा चेहरा बघून मला भीती वाटली.

"खुट्ट करायचं न्हाय. देवक बसलंय, लगीन थांबत न्हाय. सयाला सांग, सलाईन लावलंय, झोपल्यात."

"अहो पण…"

"ज्या पोरीसाठी नऊ वरसांनी तोंड उघडलं, तिच्या लग्नात रडारड करू? अक्षता पडंपतोर मी सवाशीणच हाय. कुणाला बोललास तर बघ."

वैरागडे हे सगळं ऐकत होते. ते म्हणाले, "तुम्ही जीप घेऊन जा जी. मी यायच्यापाशी बसतो." आणि बसले तिथंच, रात्रीपर्यंत.

संध्याकाळी काय झालं म्हणून सांगू! ऊन उतरलं आणि सगळी वसाहत लोटली. नटलेल्या बायका, पोरंसोरं, दाजींच्या कारखान्यातली माणसं. मांडवात पाय ठेवायला जागा उरली नाही. मी मामा, प्रीतीच्या पाठीशी उभा. तिनं हळूच विचारलं, "मामा, आबा बरे हाईत न्हवं?" मी हो म्हटलं. कसं म्हटलं ते माझं मला माहीत. अक्षता पडल्या. पारूबाई मागं उभ्या होत्या, पण त्यांचा हात काही वर झाला नाही.

मग ओटी भरायची वेळ आली. अक्कानं ताट उचललं आणि भर मांडवात पारूबाईंपुढं धरलं. "जाऊबाई, पयला मान तुमचा."

पारूबाई एक पाऊल मागं सरल्या. "वैरागडेकाकूंना भरू दे. शेजारधर्म हाय."

"असं कसं? थोरल्या तुम्ही."

"नको, अंबू."

अक्काचा चेहरा पडला, मग फिरला. दिवसभराचा शिणवटा, सगळा अपमान तिच्या जिभेवर आला. "म्हंजे अजून राग गेला न्हाय तर! नऊ वरसांनी आलासा, ते माज्या पोरीच्या ओटीला न्हाय म्हणाय?"

मला ओरडावंसं वाटलं, अगं बये, गप! पण पारूबाईंनी माझ्याकडं असं बघितलं की माझी जीभच उचलली नाही. त्या बोल ऐकून घेत उभ्या राहिल्या. ओटी काकूंनी भरली.

जेवणं झाली, माणसं पांगली, वऱ्हाडाची बस प्रीतीला घेऊन गेली. गाडीचा लाल दिवा वळणावर दिसेनासा झाला, तशा पारूबाई ओट्यावर बसल्या आणि म्हणाल्या, "अंबू, तांब्याभर पाणी आण."

अक्का घुश्शातच होती. तांब्या आदळूनच ठेवला. पारूबाईंनी पदराचं टोक पाण्यात भिजवलं आणि सगळ्यांसमोर कपाळावरचं कुंकू पुसलं.

दाजी मटकन खाली बसले. अक्का त्या कोऱ्या कपाळाकडं बघत राहिली, आणि ओटीचं कोडं तिला एकदम उलगडलं. आपण काय बोललो, कुणाला बोललो, तेही. तिनं स्वतःच्याच तोंडात एक, दोन, तीन मारून घेतल्या. पारूबाईंनी तिचे हात धरले.

"कवा?" अक्का कशीबशी म्हणाली.

"गाडीतच."

"कायतरी बोललं असतील की."

"एकदाच डोळं उघडलं. 'पावणं आलं काय?' म्हणालं. मी न्हाय म्हणाले. मग काय बोललं न्हाईत."

अक्का उठली. मांडवाच्या दारात गेली, तिथल्या खांबाला दोन्ही हातांनी मिठी मारली, आणि रिकाम्या रस्त्याकडं तोंड करून एवढ्या मोठ्यानं ओरडली की वसाहतीतली दारं पुन्हा उघडली.

"आलं हो भावजी! सगळं आलं! जेवून गेलं!"