टेस्ट पॅसेंजर आई

आमच्या विमान कंपनीच्या अंधेरीतल्या आयटी ऑफिसात नुसती जोडाजोडी चालायची. वेबसाइट, मोबाइल अॅप, कॉल सेंटर, विमानतळावरचे काउंटर, प्रत्येकाने बुकिंगच्या जुन्या सिस्टिमपर्यंत आपली वेगळी तार ओढलेली. आडनावातलं एक अक्षर बदलायचं तरी सगळीकडे हात घालावा लागायचा. वैताग नुसता. म्हणून आम्ही सगळ्यांसाठी मिळून एकच एपीआय, म्हणजे जुन्या सिस्टिमकडे जाणारा एकच दरवाजा, लिहिला. तिकिटाची माहिती ज्याला हवी, त्याने तिथूनच घ्यायची.

टेस्टिंगला खरी वाटतील अशी नावं लागायची, म्हणून टीमने आपापल्या घरच्यांनाच प्रवासी करून टाकलं होतं. माझ्या शेजारी बसणारा मालवणी सहकारी तर माझ्या आईच्या नावावर रोज तिकिटं काढायचा. "काकूंना आज कोचीला धाडलं गं," म्हणायचा. खरी आई मुलुंडला घरी असायची आणि तिने विमान आतून कधी बघितलंही नव्हतं.

नवी सिस्टिम सुरू व्हायच्या आदल्या दिवशी नागपूरहून मावसभावाचा फोन आला. मावशी आयसीयूत होती. "ताई, उशीर करू नका," एवढंच म्हणाला तो. मी आईचं दुसऱ्या दिवशीचं तिकीट काढलं. मला रजा मिळणं शक्यच नव्हतं, तेव्हा नवऱ्याने तिला विमानतळाच्या दारापर्यंत सोडलं.

थोड्या वेळाने आईचा फोन. "अगं, ही पोरगी म्हणते माझं तिकीटच नाही."

काउंटरवरच्या मुलीने फोन घेतला. "मॅडम, नंबर टाकला की रेकॉर्ड नाही असं येतंय. काउंटर बंद व्हायला आलाय."

मी जुन्या सिस्टिममध्ये बघितलं. नाव होतं, सीट होती. एपीआयमधून बघितलं तर काहीच नाही. शेजारी वळून विचारलं, "अरे, टेस्टची तिकिटं खऱ्या प्रवाशांत मिसळू नयेत म्हणून अडवलीत ना आपण, ती कशावरून?"

त्याचा चेहरा उतरला. "नावावरून. वाट लागली. काकू खरंच जातील असं वाटलंच नाही गं कोणाला."

पूर्वी वेबसाइट चुकली तरी काउंटरवर प्रवाशाचं नाव सापडायचं. त्या जुन्या तारा आम्ही सकाळीच काढून टाकल्या होत्या. आता चूकही एकाच जागी होती, आणि सगळीकडे तीच पोचत होती.

चालू सिस्टिमला हात लावायचा तर साहेबांची परवानगी लागते. मी त्यांच्या केबिनमध्ये घुसले.

"एकच पॅसेंजर ना?" ते म्हणाले. "संध्याकाळी बघू. पहिल्याच दिवशी उगाच छेडछाड नको."

माझं डोकंच फिरलं. "सर, तो एक पॅसेंजर माझी आई आहे. तिची बहीण मरायला टेकलीय तिकडे."

मग मान खाली घालून त्यांनी परवानगीचं बटण दाबलं.

शेजारच्या सहकाऱ्याने नावं अडवणारा तो नियम काढून टाकला. बदल चालू सिस्टिमवर चढत होता आणि स्क्रीनवरची पट्टी मुंगीच्या पावलाने सरकत होती. फोनवर आई हळूच म्हणाली, "ही आवरायला लागली गं."

"तिच्याकडे दे फोन. ताई, पुन्हा टाका नंबर."

"नाही येत, मॅडम."

"पुन्हा टाका. प्लीज."

मी खुर्चीचा हात घट्ट धरून उभी होते. मग पलीकडे प्रिंटरची घरघर ऐकू आली. "आलं," मुलगी म्हणाली, आणि आई मला काही न सांगताच गेटकडे पळाली.

संध्याकाळी ऑफिसात पेढे वाटले. पहिला दिवस झकास गेला, असं सगळे म्हणत होते. माझा पेढा टेबलावर तसाच होता. तेवढ्यात आईचा फोन आला.

"पोचले. तिने डोळे उघडले गं. मला म्हणते, एवढ्यात कशी आलीस, गाडी तर उद्या सकाळी पोचते ना..."

पहाटे मावशी गेली.