पत्रिका एक, यंत्रं दोन

भोरला आमचं लग्नपत्रिका छापायचं दुकान आहे. सुनीता, म्हणजे आमची सौ., दुकानात डेस्कटॉपवर बसते आणि मी लॅपटॉप पाठीला लावून गावोगाव मजकूर घेत फिरतो. पत्रिका एक, यंत्रं दोन. मग किस्से न पेरता उगवतात. बरं, आमच्याकडं पत्रिकेत काकांचं नाव राहिलं, तर काका मांडवात पाऊल टाकत नाहीत.

सुरुवातीला फाइलींची नावं असायची ‘फायनल’, ‘फायनल नवीन’, ‘हीच फायनल’. सुनीतानं एकदा विचारलं, “ह्यातली खरी कुठली?”

“तिन्ही उघडून बघ की.”

“बघितल्या. नवरदेव तिन्हीत तोच हाय, एवढंच जुळतंय.”

एकदा मी हिर्डोशीत अडकलो. तिथं रेंज नाही. मग पेन ड्राइव्ह रुमालात बांधून एसटीच्या कंडक्टरकडं दिला. “ह्यात काय हाय?” त्यानं विचारलं.

“अख्खं लग्न हाय.”

त्यानं गाठोडं हातावर तोललं. “मग वऱ्हाडाची तिकिटं किती फाडू?”

शेवटी दोन्ही यंत्रं इंटरनेटनं जोडली. इकडं बदललं की तिकडं आपोआप बदलणार! मी जाम खूश. कामथडीत चहा पिता पिता लॅपटॉपवरच्या जुन्या फाइली पुसायला घेतल्या, तर सुनीताचा फोन.

“अहो, माझ्या डोळ्यांदेखत एकेक लग्न नाहीसं व्हतंय. काय करताय तुमी?”

“लॅपटॉप आवरतोय.”

“बारा वर्षांत घरातलं फडकं उचललं न्हाई, आन् आजच मुहूर्त सापडला व्हय?”

पण खरा किस्सा हिर्डोशीच्या धोंडिबाअण्णांचा. त्यांच्या मुलाचं लग्न होतं. मी त्यांच्या घरी बसून लॅपटॉपवर मजकूर घेतला आणि रीतीप्रमाणे, न विचारताच, थोरल्या भावाचं, तात्यांचं नाव आधी टाकलं. दोघा भावांत बांधावरच्या आंब्यावरून सात वर्षं बोलणं बंद आहे, हे मला कुठं ठाऊक! रात्री भोरला आल्यावर ती फाइल आपोआप डेस्कटॉपवर गेली. दुसऱ्या दिवशी अण्णा दुकानात आले आणि सुनीताकडून ते नाव काढून घेतलं. काढताना त्यांनी स्क्रीनकडं बघितलं नाही, असं ती सांगते.

तेव्हा मी वर डोंगरात, रेंजबाहेर. लॅपटॉपवर जुनीच पत्रिका. तिच्यात मी मुहूर्ताची वेळ तेवढी दुरुस्त केली. भोरला आल्यावर यंत्रानं माझी फाइल नवी समजून सुनीताच्या फाइलीवर चढवली. तात्यांसकट पत्रिका छापल्या गेल्या. अण्णांच्या कारभारणीनं गठ्ठा नेला आणि पहिली पत्रिका तात्यांच्याच दारात दिली.

घोळ कळला तेव्हा मला अन्न गोड लागेना. लग्नाच्या आदल्या दिवशी माफी मागायला हिर्डोशीला गेलो. मांडव घालायचं काम चाललं होतं. शिडीवर एक म्हातारे गृहस्थ आंब्याचे डहाळे बांधत होते आणि खालून अण्णा एकेक डहाळी वर देत होते.

“तात्या, जरा बेतानं,” अण्णा म्हणाले.

मी कसंबसं म्हटलं, “अण्णा, पत्रिकेत चूक झाली. दोन यंत्रांचा घोळ…”

अण्णांनी मला दंडाला धरून बाजूला नेलं. “हळू बोला, थोरल्यांना ऐकू जाईल. आन् फुडं पोरीची पत्रिका करायची हाय. तीबी तुमच्या लॅपटॉपवरच करा.”