देवाच्या दांड्यावरून

ओल्या घोंगडीचा वास आला की मला ती उतरण आठवते. खोऱ्याभोवतीची शिखरं एका दमात पालथी घालायची म्हणून मी आणि मैत्रीण निघालो होतो, आणि तिसऱ्या डोंगराच्या माथ्यावर, धुक्यात, माझा पाय मोडला. पाऊल भलतीकडेच वळलं होतं. मैत्रीण पठारावरच्या वस्तीकडे धावली आणि चौघांना घेऊन आली. त्यांच्याकडे एक घोंगडी होती आणि तेल मुरलेला लांब दांडा. घोंगडीची झोळी दांड्याला बांधून त्यांनी मला खांद्यावर घेतलं. "हा तर पालखीचा!" मी कळवळतानाही म्हणाले. "व्हय. देवाला वर्सातनं एकदा लागतो," पुढचा म्हणाला, "बाकी वरीसभर आमालाच. मागल्या म्हयन्यात ह्याच्या बायकूला न्हेलं, वाटंतच पोरगी झाली." मागून त्या पोरीचा बाप लगेच बोलला, "पर ती तुमच्यापरीस लय हलकी हुती, ताई!" झोळीत मी रडता रडता हसले. निसरड्या पायवाटेवर ते खांदे बदलत होते, एकमेकांवर ओरडत होते, पण मला हिसका बसू देत नव्हते. गाडीरस्त्याला लागलो तेव्हा दिवस मावळत होता. पाय वाचला. त्याच पायानं आज मी वस्तीच्या रस्त्यासाठी पत्रकं वाटत फिरते. "चार घरांसाठी कशाला रस्ता?" असं कचेरीतले साहेब विचारतात, तेव्हा माझं डोकं फिरतं. त्या चौघांनी मला असलं काही विचारलं नव्हतं. त्या दांड्यावर आता फक्त देवच बसावा, एवढी परतफेड तरी माझ्या हातून व्हायलाच हवी.